‘ऑफ’ म्हणजे चालू की बंद? तुमचे अनुभव सांगा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कार्मिक विभागात आहे. परदेशी ग्राहकाकडून सुरक्षेच्या सूचनांचा एक कागद आला, तो मराठीत करायचं काम माझ्याकडे होतं. त्यात एक ओळ होती, ‘इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग’. मी लिहिलं, ‘अलार्म बंद झाल्यास इमारतीबाहेर पडा.’ पाटी छापून भट्टीशेजारी लागली आणि तीन दिवस तशीच होती. चौथ्या दिवशी भट्टीवरचे एक मामा माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “मॅडम, भोंगा वाजतोय तवर आत थांबायचं आणि गप झाला की बाहेर यायचं, असं कसं?”

माझे हातपाय गार पडले. १४०० अंशांच्या वर तापलेलं मेटल तिथं ओततात. त्यात पाणी गेलं तर स्फोट होतो, हे त्या खात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. भोंगा ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो. बॉम्ब ‘गोज ऑफ’ म्हणजे फुटतो. लाईट ‘गोज ऑफ’ म्हणजे मात्र जाते, आणि दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासतं. तीन अक्षरांचा शब्द, आपण दिवसातून पन्नास वेळा बोलतो, आणि मी तो शब्दकोशात बघायचीही तसदी घेतली नव्हती.

म्हणून हा धागा. या शब्दानं तुम्हाला कुठं अडवलं, फसवलं, घाबरवलं? इंग्रजीतला असो की आपल्या बोलण्यातला, सविस्तर लिहा.

गडहिंग्लजकडची एक सून

माझ्या सासऱ्यांना, आम्ही मामा म्हणतो, कोल्हापुरात एका दवाखान्यात ठेवलं होतं. अकरा नंबरची खाट. पाच दिवस झाले होते, मी एकटीच सोबतीला. रात्री आठला नर्सची ड्यूटी बदलते, त्या वेळी मी चहा आणायला खाली गेले होते. वर येते तर दारातच कानावर पडलं, एक सिस्टर दुसरीला सांगत होती, “अकरा नंबर ऑफ.”

आमच्या गावात ‘ऑफ झाला’ म्हणजे माणूस गेला. ‘वारला’ म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून लोक असं म्हणतात. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. आत जाऊन बघायचं धाडसही झालं नाही. जिन्यात बसून भाऊजींना फोन लावला आणि फक्त “मामा…” एवढंच बोलले. पुढचं त्यांनी ओळखलं. दहा मिनिटांत भावकीत निरोप गेला, सासूबाईंना शेजारणींनी धरून बसवलं, जीप निघाली.

सिस्टर मला शोधत जिन्यात आली. सलाईन ऑफ केलं होतं, बाटली संपली होती म्हणून. मामा उठून बसले होते आणि माझा चहा कुठं राहिला म्हणून विचारत होते. मी पुन्हा फोन लावला तेव्हा जीप गावाबाहेर पडली होती. सासूबाईंचा आवाज आज सहा वर्षांनीही माझ्या कानात आहे. त्या अर्ध्या तासात त्यांनी जे भोगलं, ते ‘गैरसमज झाला’ म्हणून पुसता येत नाही. मामा त्यानंतर चार वर्षं होते.

वॉर्डात काम करणारी नर्स

वरचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या तोंडात हा शब्द सारखा असतो: ऑक्सिजन ऑफ, कॅथेटर ऑफ, मी उद्या ऑफ. आणि खरं सांगायचं तर ‘पेशंट ऑफ झाला’ हेही आम्हीच म्हणतो. नातेवाईक पडद्यापलीकडे असतात, एवढंही भान राहत नाही. मी नव्या मुलींना सांगते, कशाचं ऑफ ते पूर्ण बोला. “अकराचं सलाईन संपलं, काढलं.” दोन शब्द जास्त लागतात, लागू देत.

मंगळवार पेठ

आमच्या घरात वडील क्रिकेटचे आणि मी फुटबॉलचा. लहानपणी शाहू स्टेडियमवर मॅच बघताना रेफ्रींनी ऑफसाईड दिली आणि आमचा गोल गेला. घरी येऊन रडलो. वडील म्हणाले, “अरे, ऑफ साईडला मारला तर त्यात चूक काय?” त्यांच्या डोक्यात क्रिकेट. तिथं ऑफ साईड म्हणजे मैदानाची एक बाजू, तिकडे मारलेला कव्हर ड्राइव्ह म्हणजे शोभा. डावखुरा खेळायला आला की तीच बाजू पलटते. फुटबॉलमध्ये ऑफसाईड हा गुन्हाच. चेंडू पास होताना तुम्ही समोरच्यांच्या हाफमध्ये, चेंडूच्याही पुढं आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं असाल आणि खेळात भाग घेतलात, तर शिट्टी. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला हा नियम लागत नाही, हे पेठेतल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं.

पुढं ड्रायव्हिंग शिकताना कळलं की गाडीची उजवी बाजू म्हणजे ऑफसाईड. पूर्वी घोड्याच्या डाव्या अंगानं चालायचे आणि तिकडूनच स्वार व्हायचे, म्हणून डावी बाजू जवळची आणि उजवी लांबची, ऑफ.

आणि खेळातलंच आणखी एक. ‘किक ऑफ’ म्हणजे मॅच सुरू. ‘कॉल्ड ऑफ’ म्हणजे मॅच रद्द. पाऊस आला की दोन्ही शब्द एकाच पोस्टरखाली वाचायला मिळतात.

सहकारी बँकेतून निवृत्त

माझ्या काळजाला लागलेला प्रकार ‘राइट ऑफ’चा. करवीर तालुक्यातले एक शेतकरी पेढे घेऊन आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, तुमचं कर्ज राइट ऑफ झालं. २०१७ची कर्जमाफी झाली होती, २०१९ची महात्मा फुले योजनाही येऊन गेली होती, त्यांना वाटलं आपला नंबर लागला.

राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. वसुलीची आशा कमी झालेलं कर्ज, त्यासाठी तरतूद करून, बँक आपल्या ताळेबंदातून बाजूला काढते. हिशेब बँकेचा. कर्जदाराच्या डोक्यावरचं ओझं आहे तेवढंच राहतं, नोटीस येते, जप्तीही होऊ शकते. माफीला इंग्रजीत ‘वेव्हर’ म्हणतात, तो वेगळा शब्द. वर्तमानपत्रांतसुद्धा या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण पेढे घेऊन येणारा माणूस माझ्यासमोर उभा असतो. त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. पेढे त्यांनी परत नेले नाहीत, “मुलांना द्या” म्हणाले.

साखर कारखान्यातला फिटर

आमच्यात गळीत हंगाम संपला की ‘ऑफ सीझन’. लोकांना वाटतं आता काम नसतंय. हंगामी कामगार घरी जातो हे खरं, पण फिटरचा खरा सीझन तवाच. मिलचे रोलर, टर्बाइन, पंप, सगळं खोलून जोडायचं असतंय. पावसाळ्यात बायको विचारते, “ऑफ हाय न्हवं, मग रात्री दहाला का येताय?”

भाषेची शिक्षिका, निवृत्त

‘ऑफ’ आणि संबंध दाखवणारा ‘ऑव्ह’ हे जुन्या इंग्रजीत एकच होते. जोर देऊन म्हटलेलं रूप हळूहळू वेगळं झालं आणि सतराव्या शतकाच्या सुमारास स्पेलिंगही वेगळं ठरलं. मूळ अर्थ ‘पासून दूर’. आपल्या संस्कृतातला ‘अप’ उपसर्ग, अपहरणातला, त्याच कुळातला आहे.

पण मुलांना शिकवताना मी व्युत्पत्तीपेक्षा आपला ‘सुटणे’ वापरायचे. महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटली म्हणजे निघाली. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे वाहू लागला. विडी सुटली म्हणजे बंद झाली. गोळी सुटली, वास सुटला, पोट सुटलं. यात आपल्याला कधी अडखळायला होतं का? काहीतरी धरलेलं होतं ते मोकळं झालं, एवढंच मनात येतं. पुढं काय होईल ते नाम ठरवतं. भोंगा ‘गोज ऑफ’ हे मुलांना ‘भोंगा सुटला’ असं सांगितलं की लगेच कळायचं. एक मुलगा तर म्हणाला होता, “म्हणजे बाण सुटल्यासारखा!” त्या वर्गात मला पुन्हा कधी तो अर्थ सांगावा लागला नाही.

धागाकर्ती

बाई, ‘सुटणे’ वाचून दोन वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं. सिस्टर, तुमची सूचना मी आमच्या शिफ्ट सुपरवायझरला वाचून दाखवली. भट्टीच्या पॅनेलवर नुसतं ‘ऑफ’ न म्हणता काय ऑफ ते म्हणायचं, असं ठरलंय.

पाटी बदलली आहे: ‘भोंगा वाजू लागताच हातातलं काम सोडून गेटजवळच्या मोकळ्या जागेत या.’ आमच्याकडे बिहार आणि ओडिशाकडची बरीच मुलं आहेत, म्हणून खाली हिंदीतही लिहिलं आणि वाजणाऱ्या भोंग्याचं चित्र काढून घेतलं. छापायच्या आधी तो कागद त्याच मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि म्हणाले, “आता बरोबर. लावा.”