मदत हवी आहे: बहिणींच्या प्रेमकथा असलेली मराठी कादंबरी

मंडळी, माझ्या दोन भाच्या सुट्टीला कोल्हापुरात आल्यात. थोरली १९ची, धाकटी १६ची. शान्ता शेळक्यांची 'चौघीजणी' ('लिटल विमेन'चा अनुवाद) दोघींनी चार दिवसांत संपवली आणि तेव्हापासून घरात भांडण पेटलंय. त्यातल्या ज्योने लॉरीला नकार दिला आणि त्याने पुढे तिच्या धाकट्या बहिणीशी, एमीशी लग्न केलं, हे धाकटीला अजिबात पटलेलं नाही. त्या पानाचा कोपरा तिने रागानं दुमडलाय, तोही माझ्या प्रतीचा! थोरली म्हणते, ज्योने बरोबर केलं. काल रंकाळ्यावर भेळ खातानाही हाच विषय. भेळ मऊ पडली, पण एकीनंही माघार घेतली नाही.

आता दोघींना तसंच काहीतरी हवंय. बहिणी, त्यांची रुसवेफुगवे असलेली प्रेमं, पण आजच्या काळातली आणि आपल्याकडची. मूळ कथा १८६८ची, अमेरिकेतली. त्यात मोबाईल नाही की कॉलेजचं गॅदरिंग नाही. माझ्या कपाटात आहेत त्या सगळ्या कादंबऱ्यांत पोरगी प्रेमात पडली की तिच्या नशिबी रडणंच. तसलं नको. फार धीट प्रसंगही नकोत, पुस्तक आधी त्यांची आजी चाळते.

करवीर नगर वाचन मंदिरात मिळण्यासारखं असेल तर उत्तमच, नाहीतर विकत घेईन. अनुवाद चालेल, पण भाषा शान्ताबाईंसारखी वाहती हवी. रविवारी दोघी परत जाणार, तेवढं जरा लवकर सांगा.