चेंडू वरच्या टोकाला थांबतो तेव्हा त्वरण किती? मोबाईल वेगळंच दाखवतोय

अर्धविराम:
भाचीला अकरावीचं फिजिक्स शिकवतोय. पुस्तकात दिलंय की चेंडू सरळ वर फेकला की टोकाला वेग शून्य पण त्वरण मात्र ९.८ च, खालच्या दिशेने. ती म्हणते मामा, थांबला ना तो, मग त्वरण कसलं? म्हटलं करूनच बघू, मोबाईलमध्ये सेन्सरचं ॲप टाकलं, गादीवर मोबाईल सरळ वर उडवून झेलला आणि ग्राफ उघडला तर हातात स्थिर असताना ९.८ आणि हवेत जवळजवळ शून्य! पुस्तकाच्या बरोब्बर उलटं. आता तिला काय सांगू?

निळी शाई:
मोबाईल जरा बाजूला ठेवा, आधी चेंडू. १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने वर सोडला (हवेचा विरोध धरू नका) तर २ सेकंदांनी टोकाला पोचतो. १.९ सेकंदाला वेग ०.९८ वर, २.१ ला ०.९८ खाली. म्हणजे ०.२ सेकंदात १.९६ चा फरक पडला, भागून बघा, ९.८ च येतं. मला वाटतं घोळ "थांबला" या शब्दाचा आहे, थांबला म्हटलं की क्षणभर तरी तिथे टेकला असं वाटतं, पण वेग शून्यातून नुसता पार होतो. टोकाला त्वरण खरंच शून्य झालं आणि तसंच राहिलं तर चेंडू तिथेच लटकून राहील, खाली येणारच नाही. हे भाचीला विचारा, ती स्वतःच उत्तर देईल.

सायकलस्वार:
मोबाईलचं मी सांगतो. त्या सेन्सरमध्ये बारीकशा स्प्रिंगांवर एक इवलंसं वजन असतं आणि ते चौकटीच्या मानाने किती सरकलं एवढंच त्याला कळतं. हातात असताना हात चौकटीला वर रेटतो, वजन मागे राहतं, तेच ते ९.८. हवेत रेटायला कोणीच नाही, चौकट आणि वजन दोघांचा वेग सारखाच बदलतो, म्हणून शून्य. ग्राफ परत नीट बघा, हातातून सुटल्यापासून झेलेपर्यंत सगळीकडेच शून्य असणार, फक्त टोकाला नाही. आणि वर जाताना वेग कमी होताना तर तुम्ही डोळ्यांनी बघितला! म्हणजे सेन्सर आधाराचा रेटा मोजतोय. अंतराळ स्थानकात तेच, साधारण ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास असतं तरी माणसं तरंगतात कारण स्थानकही त्यांच्याबरोबरच पडत असतं.

अर्धविराम:
बघितलं, खरंच सपाट रेघ आहे सुटल्यापासून झेलेपर्यंत, आणि दोन्ही टोकांना उंच सुळके, ते बहुतेक हाताच्या झटक्याचे. भाची आता म्हणते की त्वरण उणे ९.८ धरलं तर खाली येताना चाल वाढते कशी, उणे म्हणजे कमी व्हायला हवी ना?

निळी शाई:
छान विचारलं तिने, इथे खूप जण अडतात. वरची दिशा अधिक धरली म्हणून उणे म्हणजे फक्त "खाली". २.१ सेकंदाला वेग उणे ०.९८, ३ ला उणे ९.८. वेगही खाली, त्वरणही खाली, म्हणून चाल वाढते. वर जाताना वेग अधिक आणि त्वरण उणे, म्हणून घटते. तिला दर अर्ध्या सेकंदाचा वेग वहीत मांडायला सांगा, शून्यावरून जाताना फरक बदलतो का ते तीच शोधेल.