समोरच्यांनी दाखल केलेला निवाडा आजही लागू आहे का, हे फुकटात कुठे तपासायचं?

दिंडोरीची_लेक:
नमस्कार. मी नाशिकला एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून आई आणि मावशीने दोन्ही मामांविरुद्ध वाटपाचा दावा लावलाय. आजी आधी गेली, आजोबा २००१ साली. दोघी बहिणींची लग्नं १९९० च्या आधीच झालेली. गेल्या तारखेला मामांच्या वकिलांनी प्रकाश विरुद्ध फुलवती हा सुप्रीम कोर्टाचा निवाडा दाखल केला. त्यात म्हटलंय की मुलींना हिस्सा देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, मुलगी आणि वडील दोघंही हयात असायला हवेत. आई तेव्हापासून गप्प आहे. आमचे वकील चांगले आहेत, पण त्यांच्याकडे जाताना मला हातात काहीतरी घेऊन जायचंय. पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर परवडत नाही. कॉलेजच्या लायब्ररीत रिपोर्ट्सचे जाडजूड खंड आहेत, पण सुरुवात कुठून करायची?

निवृत्त_ग्रंथपाल, गंगापूर रोड:
बाळा, आधी आईला सांग की घाबरायचं कारण नाही. मग बस आणि मी सांगते त्या क्रमाने बघ. कायद्याच्या लायब्ररीत माझी अख्खी नोकरी झाली आणि हा प्रश्न घेऊन येणारी कितीतरी मुलं मी पाहिली. निवाडा सगळ्यांना सापडतो. तो पुढे टिकला का, हे बघायला फार थोडे थांबतात.

सर्च बॉक्समध्ये काहीही टाकायच्या आधी कायदा वाच. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ उघड आणि कलम ६ वाच, २००५ च्या दुरुस्तीसकट. संपूर्ण वाच, परंतुकही (‘परंतु’ने सुरू होणारा अपवादाचा भाग) सोडू नकोस. २० डिसेंबर २००४ ही तारीख दिसेल, तिच्या आधी झालेल्या वाटपाला दुरुस्ती धक्का लावत नाही, म्हणून ती वहीत लिहून ठेव.

आता इंडियन कानून हे निवाडे शोधायचं संकेतस्थळ उघड. ते २००८ पासून मोफत आहे. फुलवतीचा निवाडा काढ, पण लगेच वाचत बसू नकोस. त्याच पानावर ‘साइटेड बाय’ दिसेल, म्हणजे नंतरच्या कोणकोणत्या निकालांनी या निवाड्याचा उल्लेख केला त्याची यादी. ती उघडून सगळ्यात अलीकडचे निकाल वर येतील अशी लाव. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, ११ ऑगस्ट २०२० हा निकाल तुला भेटेल. फुलवती दोन न्यायमूर्तींचा होता, विनीता शर्मा तीन न्यायमूर्तींचा. त्यांनी फुलवतीतलं मत स्पष्ट शब्दांत रद्द ठरवलं. मुलीचा हक्क जन्मापासूनचा, त्यामुळे २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. मधला दानम्मा हा २०१८ चा निकालही यादीत दिसेल. तोही काही अंशी रद्द झालाय, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस.

मामांच्या वकिलांनी दिलेली प्रत बहुधा २०१६ च्या खंडातली असेल. तिची हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीला छापलेला सारांश, आजही तशीच्या तशी आहे. २०१६ च्या खंडाला २०२० मध्ये काय होणार ते कसं कळणार? म्हणून छापील खंड वापरायचे तर नंतरच्या वर्षांचे डायजेस्टही (निवाड्यांचे सारांश-संग्रह) काढायचे. ग्रंथपालांना ‘ओव्हररूल्ड केसेसचा, म्हणजे नंतर रद्द ठरलेल्या निवाड्यांचा, तक्ता दाखवा’ म्हण. ते दाखवतील, ते त्यांचं कामच आहे.

प्रत मात्र इंडियन कानूनवरची नेऊ नकोस. सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर अधिकृत रिपोर्ट २०२३ पासून मोफत आहेत. तिथली पीडीएफ काढ आणि शेवटचे निष्कर्ष स्वतः वाच. हेडनोटवर विसंबू नकोस, ती न्यायमूर्तींनी लिहिलेली नसते.

सीबीएसजवळचा_वकील:
मॅडमनी सगळं नीट सांगितलंय. फरक किती पडतो ते आईला आकड्यात सांग. कुटुंबात आजोबा, दोन मामा, दोन बहिणी एवढेच धरले तर फुलवतीप्रमाणे बहिणींना फक्त आजोबांच्या हिश्श्यातलं मिळतं, म्हणजे त्यांच्या एक तृतीयांशाचे चार भाग होऊन प्रत्येकीला बारावा हिस्सा. विनीता शर्माप्रमाणे प्रत्येकीला चौथा. भांडण एवढ्यासाठी आहे. आपल्याकडची १९९४ ची महाराष्ट्र दुरुस्ती इथे कामाची नाही, कारण ती २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती.

पण एक गोष्ट डोक्यात ठेव. हा निवाडा आला की समोरचे म्हणतील, ‘तोंडी वाटप कधीच झालं होतं.’ विनीता शर्मामध्ये त्याचंही उत्तर आहे: तोंडी वाटप सहसा मान्य होत नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. त्यामुळे जुने फेरफार आणि सातबारे आत्ताच काढून ठेव. ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर तुमच्या गावाची स्कॅन केलेली पानं आहेत का बघ, नसतील तर तहसीलमध्ये नकलेचा अर्ज दे.

दिंडोरीची_लेक:
यादी उघडली आणि विनीता शर्मा सापडला! मॅडम, वकीलसाहेब, दोघांचेही मनापासून आभार. आईला बारावा आणि चौथा हे वहीवर आकृती काढून दाखवलं, तेव्हा कुठे ती जेवली. एक विचारू? मैत्रिणीने एआयला विचारून मला आणखी पाच निवाडे पाठवलेत, हायकोर्टाचे. तेही वकिलांना देऊ का?

निवृत्त_ग्रंथपाल, गंगापूर रोड:
तपासल्याशिवाय एकही देऊ नकोस. अशा यादीत अस्तित्वातच नसलेले निवाडेही असतात, खऱ्यासारखी नावं आणि खऱ्यासारखे आकडे घेऊन. ई-कोर्ट्सचं निवाडे शोधायचं संकेतस्थळ मोफत आहे, तिथे पक्षकारांच्या नावाने एकेक शोध. मुंबई उच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांवर न्यूट्रल सायटेशन (न्यायालयाने स्वतः दिलेला क्रमांक) असतं, त्यात साल आणि मग ‘बीएचसी’ येतं, त्याने ताळा कर. जो सापडणार नाही तो यादीतून काढ. सापडेल तो पूर्ण वाच आणि त्यातल्या मुलीचे वडील कधी वारले, वाटप नोंदणीकृत होतं का, हे आपल्या दाव्याशी जुळवून बघ. आईसाठी ई-एससीआरवर मराठी भाषांतर आहे का तेही पाहा. ते तिला समजण्यापुरतं, कोर्टात इंग्रजी प्रतच द्यायची.