पाचवा महिना, हिमोग्लोबिन ९.४ आणि घरचं धारोष्ण दूध

उत्तरेश्वरची सून
पहिलंच बाळंतपण आहे. गेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आलं. सासरे रोज कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरनं म्हशीचं धारोष्ण दूध आणतात आणि न तापवता पी म्हणतात. इतक्या मायेनं आणतात की नको म्हणवत नाही. रक्तवाढीची आणि कॅल्शियमची गोळी विसरू नये म्हणून दोन्ही सकाळी चहाबरोबर घेते. सासूबाईंनी अंडी, मटण उष्ण म्हणून बंद केलंय. रक्त वाढायला काय खाऊ? धाकट्या जाऊबाईंचाही आता विचार चाललाय, त्यांनी आधीपासनं काय करावं?

पेठेतला
वहिनी, दूध सोडू नका. आमच्या तालमीतली सगळी पोरं कट्ट्यावरच्या दुधावर वाढली. कुणाला काही झालेलं नाही.

निवृत्त नर्सबाई, करवीर
भाऊ, पैलवानाची गोष्ट वेगळी आणि पोटुशीची वेगळी. कच्च्या दुधातनं ब्रुसेला, लिस्टेरियासारखे जंतू येऊ शकतात. गरोदरपणात लिस्टेरिया लवकर गाठतो आणि त्यानं गर्भपातही होऊ शकतो. म्हैस धष्टपुष्ट दिसली म्हणून दूध निर्धोक ठरत नाही.

पोरी, सासऱ्यांना दूध आणू दे, फक्त चांगली उकळी येऊ दे मग पी. उकळल्यानं त्यातलं कॅल्शियम कुठं जात नाही, हे त्यांना सांग. त्यांचंही मन राहील.

आता गोळ्यांचं. गरोदरपणात ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमीच. तू गोळी घेतेस, पण चहा त्यातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि कॅल्शियमही आडवं येतं. रक्ताची गोळी रात्री जेवणानंतर तासाभरानं लिंबूपाण्याबरोबर घे. कॅल्शियमच्या गोळ्या सकाळी आणि दुपारी, जेवणाबरोबर. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेव. शौचाला काळं होईल, त्याला घाबरून गोळी सोडू नको. ९.४ ला डॉक्टर बहुधा रोज दोन गोळ्या देतात, तेवढं त्यांना विचारून घे.

मटण बंद करू नका हो! लोह अंगी लागतं ते मांसातलं सगळ्यात चांगलं. आपल्याकडं बायका शेवटी जेवायला बसतात, तोवर फोडी संपलेल्या असतात आणि तिच्या वाटणीला तांबडा रस्सा आणि भाकरी. मी घराघरांत हे बघितलंय आणि प्रत्येक वेळी जीव तुटलाय. रश्श्यात चव आहे, रक्त फोडीत आहे. तुझं ताट आधी वाढून ठेवायला सांग. मटण नीट शिजलेलं हवं, अंडं पूर्ण उकडलेलं. कलेजी मात्र आत्ता नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

मटकी, हरभरा मोड आणून खा, वर लिंबू पिळ. नाचणीची भाकरी कॅल्शियमला उत्तम. दोन जिवांचं म्हणून दुप्पट खायची गरज नाही. या महिन्यांत रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि ग्लासभर ताक, एवढ्यात भागतं.

जाऊबाईंना सांग, फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीच सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी नीट बंद व्हायला ते लागतं आणि ती गर्भ राहिल्यापासनं साधारण २८ दिवसांत बंद होते, तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. त्यांचंही हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या.

उत्तरेश्वरची सून
खूप आधार वाटला, बाई. गोळीची वेळ आजपासनंच बदलते. आई म्हणते, बाळंतीण झाल्यावर पाणी कमी प्यायचं आणि नुसता तूप-भात खायचा. ते बरोबर आहे का?

निवृत्त नर्सबाई, करवीर
पाणी अजिबात तोडायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते आणि पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे आत्तापेक्षाही जास्त. आईच्या हातचे अळिवाचे, डिंकाचे लाडू जरूर खा. शेपू, बाजरीची भाकरी, बाळंतशोपाही खा. पण सोबत डाळ, अंडी, पालेभाजी, फळं सगळं हवं. रक्ताची आणि कॅल्शियमची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवायची. बाळ हातात आलं की पहिल्यांदा आईची गोळी विसरते, म्हणून हे काम नवऱ्याकडं दे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तेव्हा रक्त परत तपासून घे आणि आकडा इथं कळव. वाढलं नसेल तर पुढचं डॉक्टरांशी लगेच बोलावं लागेल.