एमा वॉल्म्सली: "शॅम्पू विकणारीला औषधातलं काय कळणार" हा प्रश्नच चुकीचा होता

पिंपळपान:
आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर चार दिवस हाच वाद चालू आहे, तिथे आता लोक वैतागलेत म्हणून इथे टाकतेय. एमा वॉल्म्सली, ग्लॅक्सोच्या म्हणजे आताच्या जीएसकेच्या सीईओ, एप्रिल २०१७ मध्ये खुर्चीवर बसल्या आणि २०२५ संपताना उतरल्या. एवढी मोठी औषध कंपनी चालवणारी जगातली पहिली बाई. आमच्यातला एक मित्र म्हणतो की बाईंनी पावणेनऊ वर्षं वाया घालवली, कारण मुळात त्यांना औषधातलं कळतच नव्हतं. मला हे अजिबात पटत नाही.

बाई शिकल्या ऑक्सफर्डला, ग्रीक-लॅटिनसारख्या जुन्या भाषा आणि आधुनिक भाषा. मग १७ वर्षं लॉरियल या शॅम्पू-क्रीमच्या कंपनीत, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, आणि २००७ पासून शांघाय, म्हणजे गार्निए, मेबलिन वगैरे चीनमध्ये विकायचं काम. २०१० ला ग्लॅक्सोत आल्या त्यासुद्धा टूथपेस्ट आणि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या बाजूला. त्यामुळे २०१६ मध्ये त्यांचं नाव जाहीर झालं तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की सायन्सची डिग्री कुठाय. आता गंमत नाही, खरंच विचारते, त्यांच्या आधीचे सीईओ अँड्र्यू विट्टी, त्यांची डिग्री कशात होती? इकॉनॉमिक्समध्ये. त्यांना नऊ वर्षांत हा प्रश्न एवढ्या वेळा कोणी विचारला?

आणि हातात काय आलं होतं तेही बघा. चीनमध्ये डॉक्टरांना लाच दिल्याबद्दल २०१४ मध्ये ३ अब्ज युआन दंड झालेली कंपनी. २०१५ मध्ये कॅन्सरची सगळी औषधं नोव्हार्टिसला विकून टाकलेली कंपनी, म्हणजे जिथे पुढची दहा वर्षं सगळं संशोधन होणार होतं तेच दार बंद. लस आणि सेन्सोडाइन एकाच घरात, आणि संशोधनाला लागणारा पैसा डिव्हिडंडमध्ये जातोय. बाईंनी वाटणी केली. आधी टूथपेस्ट-गोळ्यांच्या धंद्यातला नोव्हार्टिसचा हिस्सा १३ अब्ज डॉलरला विकत घेतला, मग फायझरचा तसलाच धंदा त्यात मिसळला, आपलं हॉर्लिक्स युनिलिव्हरला दिलं, आणि जुलै २०२२ ला टूथपेस्ट-क्रोसिनवाली बाजू हेलिऑन म्हणून वेगळी काढली. ज्याने घरची वाटणी जवळून बघितलीय त्याला विचारा हे किती अवघड असतं.

दलालस्ट्रीट:
ताई, वाटणीचं कौतुक ठीक आहे पण वाटणीनंतर कोणाच्या वाट्याला काय आलं ते बघायचं ना. त्या बसल्या तेव्हा जीएसकेचा शेअर जिथे होता, सोडायची बातमी आली तेव्हाही साधारण तिथेच. मधल्या काळात अ‍ॅस्ट्राझेनेकाचा दुपटीच्या वर गेला, तोही लंडनच्याच बाजारात, त्याच ब्रेक्झिटमधून, त्याच कोविडमधून. शिवाय वाटणीच्या वेळी डिव्हिडंड कापला. इंग्लंडमध्ये कितीतरी पेन्शन फंड या डिव्हिडंडवर जगतात, त्या म्हाताऱ्यांना ग्रीक-लॅटिनशी देणंघेणं नाही.
आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या जाणार हे जाहीर झालं त्या दिवशी शेअर वर गेला. याहून स्पष्ट मार्कशीट असते का?

रेडिंगची_रमा:
मी इथे इंग्लंडमध्ये अठरा वर्षं आहे. पिंपळपान, तुझं बाईपणाचं आर्ग्युमेंट मला अर्धंच पटतं. बाईंचे वडील ब्रिटिश नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरल, 'सर' किताब असलेले, शाळा बोर्डिंग स्कूल, मग ऑक्सफर्ड. इथे दार उघडायला हे खूप पुरतं. माझ्या ऑफिसमधल्या इथल्याच, साध्या घरातल्या मुली, त्यांना एमा वॉल्म्सली "आपल्यातली" अजिबात वाटत नाही.
पण अर्धं पटतं ते असं. २०२१ मध्ये एलियट नावाचा अमेरिकन फंड शेअर घेऊन बसला आणि जाहीर पत्र लिहिलं, त्याचा अर्थ इथल्या पेपरांनी असा लावला की वाटणीनंतर बाईंनी स्वतःच्याच नोकरीसाठी पुन्हा अर्ज करावा. चार वर्षं कंपनी चालवणाऱ्या माणसाला असं कोणी म्हणतं का? चेअरमन पाठीशी उभे राहिले म्हणून निभावलं. लंडनच्या पहिल्या शंभर कंपन्यांत अजूनही बायका सीईओ मोजायला दोन हातांची बोटं पुरतात, तेव्हा एकीला अशी वागणूक मिळते ती सगळ्यांना दिसते.

दलालस्ट्रीट:
@रमा एलियटने पुरुषांनाही सोडलेलं नाही, त्यांचा धंदाच तो आहे. हे बाईपणावर नेऊ नका प्लीज.

बॅगवाला:
२२ वर्षं एमआर होतो, म्हणजे डॉक्टरांकडे कंपनीची औषधं घेऊन फिरायचो, आधी नाशिक मग खानदेश. ग्लॅक्सोत नव्हतो, पण ग्लॅक्सोची माणसं रोज दवाखान्याबाहेर त्याच बाकावर बसायची, त्यामुळे त्यांचं सगळं कळायचं. नाशिकला अंबडमध्ये त्यांचा कारखाना आहे, आमच्याकडे तिथे नोकरी लागली म्हणजे पोरगं सेट झालं असं म्हणायचे.
तर "विकणाऱ्याला औषधातलं काय कळतं" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. औषध शोधणारा वेगळा, ते डॉक्टरच्या लेखणीपर्यंत नेणारा वेगळा, आणि दुसरा नसेल तर पहिल्याचा शोध कपाटात राहतो. शिंग्रिक्स बघा, नागिणीची लस. २०१७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत परवानगी मिळाली, बाईंचं पहिलंच वर्ष. शोध आधीच्या लोकांचा हे मान्य, पण पन्नाशी उलटलेल्या धडधाकट माणसाला "नागीण होऊ नये म्हणून दोन इंजेक्शनं घ्या" हे पटवणं हे विकण्याचंच काम आहे, आणि आज ती कंपनीची सगळ्यात जास्त खपणारी लस आहे. आजारी नसलेल्या माणसाला वस्तू घ्यायला लावणं हे क्रीम विकणाऱ्याला जितकं कळतं तितकं कोणाला कळणार.
दुसरं, झिनेटॅक. आपल्याकडे ॲसिडिटी म्हणजे झिनेटॅक, प्रत्येक घरात. २०१९ मध्ये रॅनिटिडिनमध्ये एनडीएमए नावाचं कॅन्सरची भीती असलेलं द्रव्य सापडलं आणि कंपनीने ती गोळी बंद केली. त्या गोळीसाठी मुख्यतः कर्नाटकात वेमगलला साधारण १००० कोटींचा नवा कारखाना उभा केला होता, तो हेटेरोला १८० कोटींना द्यावा लागला. हा कारखाना ठरवला आधीच्यांनी, विकायची पाळी आली बाईंवर. अमेरिकेत त्याच गोळीचे, तिथे झॅन्टॅक म्हणतात, सुमारे ८०,००० दावे २०२४ मध्ये २.२ अब्ज डॉलरपर्यंत देऊन मिटवले, चूक मान्य न करता. शेअर का हलला नाही विचारता, याच्या सावलीत तो काही वर्षं होता हो.

दलालस्ट्रीट:
बॅगवाले दादा, वेमगलचा मुद्दा चांगला आहे, मला हे माहीत नव्हतं. तरी एक सांगा. २०२० मध्ये जगातली सगळ्यात मोठी लसवाली कंपनी कोण? जीएसके. आणि कोविडची लस कोणाची आली? ऑक्सफर्डची, म्हणजे बाईंच्याच विद्यापीठातली, आणि ती बनवायला पुढे आली अ‍ॅस्ट्राझेनेका, ज्यांना लसींचा फारसा अनुभव नव्हता. तीच आपल्या पुण्यात सीरममध्ये कोविशिल्ड म्हणून बनली, आपण सगळ्यांनी दंडावर घेतली. जीएसकेने काय केलं, स्वतःची लस न काढता लसीचा जोर वाढवणारा घटक दुसऱ्यांना द्यायचं ठरवलं, सनोफीबरोबर केलेली लस डिसेंबर २०२० मध्ये म्हाताऱ्या लोकांत कमी पडली, डोसचं गणितच चुकलं होतं, आणि परवानगी आली २०२२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे लग्न लागून वऱ्हाड घरी गेल्यावर. सायन्स कळणारा माणूस वर असता तर जुगार खेळला असता. हे मी मनापासून बोलतोय, मला त्या वर्षी घरातली दोन माणसं गमवावी लागलीत.

पिंपळपान:
@दलालस्ट्रीट तुमच्या घरच्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.
फक्त "सायन्स कळणारा" याबद्दल बोलते. अ‍ॅस्ट्राझेनेकाचे पास्कल सोरिओ शिकलेत गुरांचे डॉक्टर म्हणून. त्यांनी जुगार खेळला तो धाडस होतं म्हणून, आणि धाडस कमी पडलं असं तुम्ही म्हणालात तर कोविडपुरतं मी मान्य करते. पण धाडस बाईंकडे नव्हतंच असं नाही. २०१८ च्या डिसेंबरात त्यांनी टेसारो ही कॅन्सरची कंपनी ५.१ अब्ज डॉलरला घेतली तेव्हा बाजाराने शेअर पाडला, सगळे म्हणाले फार महाग घेतली. त्याच टेसारोतून डोस्टारलिमॅब हे औषध आलं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये त्याची गुदाशयाच्या एका विशिष्ट कॅन्सरवर छोटी चाचणी झाली, पहिल्या १२ च्या १२ पेशंटची गाठ दिसेनाशी झाली, ना ऑपरेशन ना रेडिएशन. १२ च माणसं होती हे मलाही कळतं, आणि कॅन्सरचा एकच प्रकार. पण ज्या कंपनीने तीन वर्षांपूर्वी कॅन्सर विकून टाकला होता ती परत त्या दारात गेली, हे कोणी केलं?

डॉ_माळरान:
इथे कोणी टीबीबद्दल बोललंच नाही याचं मला आश्चर्य वाटतंय. मी मराठवाड्यात सरकारी दवाखान्यात काम करते, माझ्या ओपीडीत शेअरचा भाव येत नाही, खोकला येतो.
जीएसकेकडे टीबीची एक लस होती, एम७२. २०१९ मध्ये तिचा अभ्यास छापून आला, ज्यांच्या अंगात जंतू आहे पण आजार नाही अशा मोठ्या माणसांत तीन वर्षांत साधारण ५० टक्के संरक्षण. शंभर वर्षांपूर्वीची बीसीजी सोडली तर आपल्या हातात टीबीची लसच नाही आणि बीसीजी मोठ्या माणसांत फारशी चालत नाही, त्यामुळे हा निकाल वाचला तेव्हा मी खरंच रडले होते. जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी चौथा भाग आपल्या देशात आहे. आणि जीएसकेने काय केलं? जानेवारी २०२० मध्ये पुढचं काम गेट्स यांच्या संशोधन संस्थेला देऊन टाकलं. मोठी शेवटची चाचणी सुरू व्हायला २०२४ उजाडलं, तीही गेट्स आणि ब्रिटनची वेलकम संस्था यांच्या पैशावर. मधली वर्षं गेली.
आणि आता बॅगवाले दादांनी शिंग्रिक्सचं कौतुक केलं म्हणून सांगते, दोन्ही लसींत जोर वाढवणारा घटक एकच आहे, एएस०१, त्यातला एक भाग चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून येतो. तो घटक जीएसकेने स्वतःकडेच ठेवला. श्रीमंत देशातल्या पन्नाशीच्या माणसाच्या नागिणीसाठी तो जोरात वापरला, टीबीसाठी दुसऱ्याला म्हणाले तुम्ही बघा. म्हणून मला बाई शॅम्पू विकायच्या की ग्रीक शिकल्या याने फरक पडत नाही. गिऱ्हाईक कोण हे आधी बघायचं, हे त्या विकायच्या धंद्यात शिकल्या आणि ते त्यांनी इथे लावलं.

बॅगवाला:
मॅडम तुमचं पटलं. मी ज्याला गुण म्हणालो तोच तुम्ही दोष दाखवलात, आणि मला त्यावर उत्तर नाही.

रेडिंगची_रमा:
डॉक्टर, राग बरोबर आहे, पण हे बाईंवर किती आणि त्या धंद्यावर किती? टीबीची लस स्वतःच्या खर्चाने शेवटापर्यंत नेईन असं म्हणणारी एक तरी मोठी कंपनी आहे का, सीईओ पीएचडी असलेली धरून?

डॉ_माळरान:
नाही. पण त्या पहिल्या होत्या ना, असं आपणच वर म्हणालो. पहिल्या बाईकडून मला तेच हवं होतं जे बाकीचे करत नाहीत. ती अपेक्षा अन्यायाची असेल तर असू दे.

पिंपळपान:
डॉक्टर, तुमच्या मुद्द्यापुढे मी हात टेकते. मी मलेरियाचं उदाहरण लिहायला घेतलं होतं, त्यांच्या लसीला २०२१ मध्ये डब्ल्यूएचओची शिफारस मिळाली आणि ती बनवायचं काम ते हैदराबादच्या भारत बायोटेककडे सोपवतायत, पण लिहिताना लक्षात आलं की हेही "दुसऱ्याला द्या" असंच आहे. मग खोडलं. आता लिहिलंच आहे तर राहू दे.
पण मूळ मुद्दा सोडत नाही. बाईंच्या जागी १ जानेवारी २०२६ पासून आले ल्यूक माइल्स. तेही विक्रीच्याच बाजूचे, आठ वर्षं कंपनीचा व्यापार बघणारे, २०१७ मध्ये बाईंनीच त्यांना अ‍ॅस्ट्राझेनेकातून आणलं. त्यांच्या नावाची घोषणा झाली तेव्हा "विकणाऱ्याला काय कळतं" असं किती जणांनी लिहिलं ते शोधा आणि मला दाखवा.

दलालस्ट्रीट:
माइल्स आयुष्यभर औषधच विकत आलेत, क्रीम नाही. फरक आहे. २०३१ पर्यंत ४० अब्ज पौंडांच्या वर विक्री नेऊ असा शब्द बाईंनी देऊन ठेवलाय, तो आता त्यांना पाळायचाय. मी शेअर विकलेले नाहीत, एवढं मात्र सांगतो.