दुबईची ऑफर, थोरली आठवीत, धाकटा दुसरीत: 18,000 दिरहॅममध्ये भागेल का?

उंबरठा:
नमस्कार मंडळी. नवऱ्याला दुबईची ऑफर आलीय. महिना 18,000 दिरहॅम, ‘सगळं धरून’. ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय. मुलं दोन्ही सीबीएसईला. रुपयांत गुणाकार केला तेव्हा हरखून गेलो, त्यात पगारावर टॅक्स नाही. पण नणंदेचे यजमान आखातात राहून आलेत, ते एवढंच म्हणाले, “पगार बघू नका, घर आणि शाळा बघा.” पुढे विचारलं तर हसले. मी इथली नोकरी सोडून जाणार, म्हणून धाकधूक आहे. घर दुबईतच बघावं की शारजाला? शिल्लक काही पडते का?

चौथा_मजला:
शारजाला भाडं कमी, हे खरं. पण सकाळी शारजाहून दुबईला येणाऱ्या अल इत्तिहाद रोडवर गाडी घालून बघा एकदा. मी दोन वर्षं केलं. घरी पोचायचो तेव्हा पोरगं झोपलेलं असायचं. वर सालिक, म्हणजे दुबईच्या रस्त्यांवरचा टोल, गर्दीच्या वेळी एका गेटला 6 दिरहॅम.

खर्चवही:
उंबरठाताई, मी अकरा वर्षं इथे आहे, दुबईतल्या अल नाहदात. जरा लांबण लावते, पण उपयोग होईल.

पहिलं म्हणजे महिन्याचा हिशेब करू नका. इथे पगार महिन्याला येतो आणि पैसे जातात ढिगाने. भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे असतात. समजा दोन बेडरूमचं घर वर्षाला 96,000 ला, चार चेकवर मिळालं. किल्ली घेताना पहिला चेक 24,000, डिपॉझिट 5 टक्के म्हणजे 4,800, एजंटचे साधारण तेवढेच, आणि ‘दीवा’कडे, म्हणजे दुबईच्या वीज-पाणी खात्याकडे, 2,000 अनामत. झाले 35,600. तुमचे जवळजवळ दोन पगार, आणि पहिला तर अजून हातात यायचाय! एवढी रक्कम बरोबर आणा, नाहीतर कंपनीकडून आगाऊ मागून घ्या.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. दीवाच्या बिलात ‘हाउसिंग फी’ येते. वर्षाच्या भाड्याचे 5 टक्के, बारा महिन्यांत विभागून. या भाड्याला महिना 400. आमचं पहिलं बिल आलं तेव्हा यांना वाटलं गिझर बिघडलाय. दोन दिवस गिझर बंद ठेवला. तोही जानेवारीत.

चेक आम्ही एजंटच्या टेबलावर बसून लिहिले. तो तारखा सांगत गेला, आम्ही शहाण्यासारखे लिहीत गेलो. घरी येऊन कॅलेंडर काढलं, तर दुसरा चेक 1 एप्रिलचा. त्याच आठवड्यात दोन मुलींची पहिल्या टर्मची फी, पुस्तकं, गणवेश आणि बसचे पैसे. त्या महिन्यात सोन्याची बांगडी मोडली, हे आईला आजही माहीत नाही. आता घर बदलताना आधी शाळेचं फीचं वेळापत्रक समोर ठेवते. आमच्या आत्ताच्या मालकाने तारखा पंधरा दिवस पुढे ढकलून दिल्या, फक्त मागावं लागलं.

शाळेचं म्हणाल तर केएचडीएच्या, म्हणजे दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर शाळांची मंजूर फी आणि तपासणीचे अहवाल बघायला मिळतात. अहवालातला ‘आउटस्टँडिंग’ शेरा वाचून भुलू नका. माझ्या मुली ‘गुड’वाल्या शाळेत शिकल्या, काही बिघडलं नाही. भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे ऑगस्टला तुम्ही मध्येच घुसणार. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते, तेव्हा जागा आहे का हे आत्ताच ईमेलने विचारा. आणि अरबी सक्तीची आहे. धाकटा खेळता खेळता शिकेल. थोरलीच्या वर्गातल्या मुलांची मात्र सात वर्षं अरबी झालेली असेल आणि ही अलिफपासून सुरू करेल. माझी मोठी पहिले सहा महिने ओळ डावीकडूनच सुरू करायची आणि खोडून खोडून पान फाडायची.

‘सगळं धरून’ या शब्दांची फोड करून मागा. बेसिक किती? मुलांचा विमा कोणाकडे? तिकिटं? शाळेचा भत्ता? आमच्या एका कंपनीत भत्ता होता, पण पावती दिल्यावर तीन महिन्यांनी यायचा.

उंबरठा:
ताई, बांगडीचं वाचून पोटात गोळा आला. एचआरला विचारलं: बेसिक 7,200. विमा फक्त यांचा. तिकिटं वर्षातून एकदा सगळ्यांना. शाळेचा भत्ता नाही. आणि एक राहिलंच, थोरलीला डॉक्टर व्हायचंय.

खर्चवही:
बेसिक कमी आहे, भांडा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर असते. पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांची. 7,200 वर ती वर्षाला 5,040 होते, पूर्ण 18,000 वर 12,600 झाली असती. कुटुंबाचा विमा दुबईत सक्तीचा आहे आणि कंपनी देत नसेल तर व्हिसा काढणाऱ्याच्या, म्हणजे यांच्याच खिशातून.

डॉक्टरकीचं आधी सांगायला हवं होतं हो! महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच लागतात, नुसतं डोमिसाइल पुरत नाही. ती दहावी इथे झाली की ते दार जवळपास बंद. 18,000 चं गणित यापुढे फिकं आहे, असं माझं मत.

चौथा_मजला:
सहमत. आमच्या शेजारच्यांना हे बारावीच्या फॉर्मच्या वेळी कळलं.

उंबरठा:
काल रात्री दोघं वही घेऊन बसलो. तूर्त हे एकटे पुढे जातील, वर्षभर शेअरिंगमध्ये राहतील. थोरलीला विचारलं तर म्हणाली, “मी आजीकडे राहून दहावी करते, तुम्ही बाबूला घेऊन जा.” इतक्या सहज म्हणाली की मलाच बोलता येईना. बेसिकसाठी एचआरला मेल टाकलाय. धाकट्याचा दाखला आणि जन्माचं प्रमाणपत्र अटेस्ट करायचं कुठून सुरू होतं?

खर्चवही:
आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास. लग्नाचं प्रमाणपत्रही त्याच फेरीत उरकून घ्या, तुमच्या व्हिसाला लागेल. नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी आधी ताडून बघा.