नवख्या डीजेने ४० हजारांत कोणते स्पीकर घ्यावेत?

नवखा_सांगलीकर (प्रश्न)

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि वर्षभरापासून घरच्या घरी डीजेचा सराव करतो आहे. लॅपटॉप आणि कंट्रोलर माझ्याकडे आहेत. आवाजासाठी आतापर्यंत हेडफोन आणि वडिलांचे जुने होम थिएटर यांवर भागवले. गेल्या महिन्यात मामेबहिणीच्या हळदीला भाड्याच्या स्पीकरवर वाजवले आणि त्यानंतर ओळखीतून दोन वाढदिवस व एका साखरपुड्यासाठी विचारणा झाली, म्हणून आता स्वतःचे स्पीकर घ्यावेत असे वाटते. पाहुणे साधारण ६० ते १०० असतात आणि जागा कधी गच्ची, कधी अंगण, तर कधी लहान मंगल कार्यालय. वरातीत किंवा मिरवणुकीत वाजवण्याचा माझा विचार नाही.

खर्चाची मर्यादा ४० हजार रुपये, फार तर ४५. तीन दुकाने फिरलो आणि तीन ठिकाणी तीन सल्ले मिळाले. पहिल्याने खोक्यावर भला मोठा वॅटचा आकडा छापलेला, बॅटरीवर चालणारा १५ इंची ट्रॉली स्पीकर दाखवला. दुसऱ्याने दोन साधे टॉप (स्टँडवर ठेवायचे मुख्य स्पीकर) आणि वेगळे मशीन (अ‍ॅम्प्लिफायर) घेण्यास सांगितले. तिसऱ्याने अंगातच मशीन असलेली १२ इंची जोडी पुढे केली, पण तिच्यावरचा वॅटचा आकडा तिघांत सर्वांत लहान होता. वॅट कमी म्हणजे आवाज कमी, हे समीकरण बरोबर आहे का? शिवाय माझ्या कंट्रोलरच्या मागे फक्त आरसीए (घरगुती ऑडिओच्या लाल-पांढऱ्या) पिना आहेत. त्यामुळे काही अडेल का, हेही कृपया सांगावे.

मिरजेचा_साउंडवाला

तुमच्या प्रश्नाचा गाभा वॅटमध्येच आहे, म्हणून आधी तेवढे सांगतो. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. स्पीकर सलग जेवढी शक्ती पेलू शकतो तो आरएमएस आकडा त्याच्या निम्मा, चतुर्थांश किंवा त्याहूनही लहान असू शकतो, आणि ट्रॉली स्पीकरच्या बाबतीत तर छापील आकड्याचा कशाशी संबंध आहे हे शोधूनही सापडत नाही. दुसरी गोष्ट अशी की वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची, म्हणजे दहापट वॅटची, वाढ लागते. त्यामुळे ५०० आणि १००० वॅट यांच्यातला जो फरक दुकानात आभाळाएवढा सांगितला जातो, तो कार्यक्रमात जेमतेम जाणवतो. वॅटऐवजी माहितीपत्रकात कमाल ध्वनिपातळी, म्हणजे एसपीएल, किती डेसिबल दिली आहे ते पाहा.

समजा, ती १ मीटरवर १२६ डेसिबल आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, म्हणजे ८ मीटरवर १०८ आणि १६ मीटरवर १०२ उरतात. हा आकडाही क्षणिक कमाल असतो; ढोलाच्या ठोक्याला जागा ठेवून वाजवायचे तर सरासरी पातळी त्याच्या किमान १० डेसिबल खालीच राहते. तरीही शंभर माणसांच्या अंगणासाठी अशा दोन स्पीकरचा आवाज पुरून उरतो. मंगल कार्यालयात भिंतींमुळे आवाज आणखी भरतो; खरी परीक्षा गच्चीवर होते, कारण तिथे खालचे सूर परत फिरवायला काहीच नसते.

तुमच्या कामाला मी मशीन अंगात असलेली १२ इंची जोडीच घेईन. त्या मशीनची जुळणी कंपनीने त्याच स्पीकरसाठी केलेली असते आणि बऱ्याच मॉडेलांत लिमिटर (आवाज मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) असतो, त्यामुळे नवख्या हाताकडून कॉइल (स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी) जळण्याची शक्यता बरीच कमी होते. नामांकित परदेशी कंपन्यांची जोडी तुमच्या रकमेत बसणे कठीण आहे, परंतु भारतीय कंपन्यांच्या जोड्या बसतात. १५ इंचीचा मोह आवरा. त्यात खालचे सूर थोडे अधिक मिळतात, पण वजन आणि आकार वाढतो, आणि दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर तो चढवणारे तुम्ही एकटेच असणार. ज्या कार्यक्रमाला छातीत धडकणारा बेस हवा असेल, त्या दिवसापुरता एक बेस (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) भाड्याने आणा आणि टॉपवर लो-कटचे बटण असेल तर ते चालू करा, म्हणजे खालच्या सुरांचे ओझे टॉपवर पडणार नाही.

एकच मोठा स्पीकर घ्यावा का, असा प्रश्न पुढे येईलच. स्टिरिओ गाण्याची फक्त डावी बाजू एका स्पीकरला जोडली तर उजवीकडची वाद्ये गायब होतात. एकच वापरायचा तर कंट्रोलरचे आउटपुट मोनो (दोन्ही बाजू एकत्र) करावे लागते. शिवाय जोडीतला एक बंद पडला तरी कार्यक्रम पार पडतो.

आमच्या मिरजेत तंबोरा घ्यायला आलेला जाणकार भोपळ्याचा घेर मोजून परत जात नाही, तो जवारी (तारांची गुंजणारी आस) ऐकतो. तुम्हीही दुकानात स्वतःची, शंभरदा ऐकलेली गाणी घेऊन जा. एक हलगीचे, एक नुसत्या आवाजाचे आणि एक भारी बेसचे असावे. आधी हळू आणि मग मोठ्या आवाजात दहा-पंधरा मिनिटे ऐका. मोठ्या आवाजात हलगीचा कडकडाट कानात टोचू लागला किंवा गायकाचे शब्द चिरकू लागले, तर तो स्पीकर तिथेच ठेवून या. माइकवर चार वाक्येही बोलून पाहा, कारण हळदीत अर्धा वेळ नावे पुकारण्यातच जातो.

कृष्णाकाठ

वरील सल्ला बराचसा मान्य असला तरी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. अंगातल्या मशीनचा स्पीकर बिघडला की त्याचे बोर्ड दुरुस्त करून मिळणे आपल्या भागात अजूनही सोपे नाही. माझा एक स्पीकर ऐन लग्नसराईत बंद पडला आणि सुटा भाग येईपर्यंत दीड महिना गेला. तेवढे दिवस तो घरात कपडे टाकायच्या कामी आला. साध्या टॉपची कॉइल मात्र ओळखीचा मिस्त्री एक-दोन दिवसांत बदलून देतो आणि मशीन बिघडले तर दुसरे भाड्याने आणता येते. त्यामुळे घेण्यापूर्वी वॉरंटीचे काम सांगली, मिरज किंवा निदान कोल्हापुरात होते का, हे दुकानदाराकडून लेखी घ्या.

साधे टॉप घेतलेच, तर मशीन स्पीकरच्या आरएमएसच्या निम्मे घेऊन पैसे वाचवू नका. लहान मशीन ओढून वाजवले की आवाजाची लाट वरून-खालून कापली जाते आणि सगळ्यांत आधी वरचा ड्रायव्हर (वरच्या सुरांचा छोटा भाग) जातो. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले की भार ४ ओहमचा होतो, तेव्हा मशीन तेवढा पेलते का हेही पाहावे.

जुना माल घेणार असाल तर गणपतीनंतर लगेच विकायला निघालेल्या स्पीकरपासून जरा सांभाळून. जाळी काढून दोन्ही हातांची बोटे पसरून कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) हलकेच आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे. मशीनच्या मागच्या बाजूला जळका वास येतो का, तेही पाहावे. त्याला रंग मारून झाकता येत नाही.

तारांचा_हिशोब

आरसीएच्या शंकेचे उत्तर राहून गेले आहे. आरसीएची तार तीन-चार मीटरपर्यंत ठीक चालते. त्यापुढे ती आजूबाजूच्या विजेची घरघर ओढून घेऊ लागते. अंगणात स्पीकर दहा मीटरवर ठेवायचे असतील तर कंट्रोलरशेजारी एक्सएलआर (तीन पिनांचे) आउटपुट असलेला लहान मिक्सर ठेवावा आणि तिथून पुढे बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची घरघर रोखणारी, तार न्यावी. त्याच मिक्सरवर माइकचीही सोय होते. लॅपटॉपचा चार्जर जोडताच घरघर सुरू झाली तर सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घ्या किंवा ऑडिओच्या तारेत मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय अनेक जण सुचवतात; ओल्या अंगणात तो जिवावर बेतू शकतो, म्हणून तो मुळीच करू नये.

घरगुती ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला सुमारे १३८० वॅट मिळतात. संगीत सलग कमाल शक्ती मागत नसल्याने १२ इंची जोडी त्यावर आरामात चालते. फक्त त्याच बोर्डावर केटरिंगवाल्याची शेगडी लागलेली नाही याची खात्री करा. सुरू करताना स्पीकर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी. स्टँड सांगितलेल्या रकमेत धरलेले दिसत नाहीत. ते हवेतच, कारण वरचा ड्रायव्हर माणसांच्या डोक्याच्या वर असला नाही तर पहिल्या रांगेचे कान बधिर होतात आणि शेवटच्या रांगेला काही कळत नाही.

आणखी एक. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर उघड्यावर तो बंदच ठेवावा लागतो. यजमान म्हणतील, आमचे शेजारी काही बोलणार नाहीत. परवानगीचा कागद कोण काढणार, हे आगाऊ रक्कम घेतानाच ठरवून टाका.

नवखा_सांगलीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा दुकानात जाऊन १२ इंची जोडी स्वतःच्या गाण्यांवर ऐकली आणि शेजारी तो ट्रॉली स्पीकरही लावायला सांगितला. बेस त्याचाच जास्त वाटत होता, पण हलगी सुरू होताच तो अक्षरशः फाटला. जोडी ३६ हजारांना मिळते आहे; स्टँड आणि तारा धरून रक्कम ४२ पर्यंत जाईल, म्हणून मिक्सर सध्या मित्राचा वापरेन. दुकानदाराने दुरुस्ती कोल्हापुरात होईल असे तोंडी सांगितले; लेखी द्या म्हटल्यावर मात्र त्याने दोन दिवसांची मुदत मागितली आहे. तो कागद हातात आल्याशिवाय पैसे देणार नाही.